पगाराच्या स्लिपवरचे १२० रुपये

पहिल्या पगाराचा मेसेज आला की आपण काय बघतो? शेवटचा आकडा. किती आले, पार्टी कुठे द्यायची, आईला साडी घ्यायची की आधी मोबाइलचा हप्ता भरायचा. स्लिप कोण उघडतं? उघडलीच तर कापलेल्या रकमांच्या रांगेत कुठेतरी ‘ईएसआय : १२०’ असं असतं. त्याकडे बघून आपण फार तर म्हणतो, ‘हे काय कापतात राव दर महिन्याला?’

मीही हेच म्हणायचो. अडीच वर्षं म्हणत होतो. नोकरी गेली त्यानंतर तेहतिसाव्या दिवशी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. काउंटरपलीकडच्या काकांनी विचारलं, ‘विमा क्रमांक?’

मी म्हटलं, ‘कुठला?’

त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. ‘कुठला म्हणजे? किती आहेत तुझ्याकडे?’

माझ्याकडे दोन होते. ती भानगड पुढे सांगतो. आधी मी तिथे कशासाठी गेलो होतो ते सांगायला हवं, कारण आपल्यातल्या निम्म्यांना असं काही असतं हेच ठाऊक नसतं. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘बेरोजगार भत्ता’ हा शब्द निवडणुकीच्या तोंडावर निघतो आणि निकालानंतर गायब होतो. डिग्री आहे, काम नाही, म्हणून सरकार दरमहा पैसे देईल, असली सरसकट सोय आपल्याकडे नाही. पण काम होतं आणि ते गेलं, अशांसाठी एक आहे. तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ‘बीमित व्यक्ती’ म्हणजे ज्याचा विमा उतरवलाय तो. तुमच्या स्लिपवर ईएसआय कापलं जात असेल, तर ती बीमित व्यक्ती तुम्हीच.

आता थोडा हिशेब करू. नाक मुरडू नका, पैशांचा आहे. महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी या कायद्याखाली येत असेल, तर पगाराच्या ०.७५ टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि ३.२५ टक्के मालक भरतो. माझा पगार होता १६ हजार. म्हणजे माझे १२० आणि कंपनीचे ५२०. आपण चहा-वडापावचे १२० गेले म्हणून हळहळत असतो आणि तिकडे आपल्या नावावर दरमहा ६४० रुपये जमा होत असतात. त्यातून दवाखाना मिळतो, आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, बाळंतपणाचे मिळतात. आजी-आजोबांच्या पिढीला हे पक्कं माहीत होतं. गिरणीत किंवा कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘कामगार विम्याचा दवाखाना’ म्हटलं की लगेच पत्ता सांगतील. कायदाच १९४८ सालचा आहे. आपल्याला मात्र एसी ऑफिसात बसलो म्हणजे आपण ‘कामगार’ नाही असं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो.

नोकरी गेल्यावरचा भत्ता २०१८ च्या जुलैपासून आला. सुरुवातीला तो रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के होता. करोनात लाखो लोक घरी बसले तेव्हा तो ५० टक्के झाला. आधी नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, ते ३० दिवसांवर आलं. मालकामार्फत अर्ज करायची अटही गेली, आता आपण थेट शाखा कार्यालयाकडे अर्ज करू शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अटही काढून टाकली. योजना मुदतीची आहे, तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, त्यामुळे अर्ज करायच्या आधी सध्याची तारीख शाखा कार्यालयात विचारून घ्या.

मिळतात किती? मागच्या दोन वर्षांतली एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने भागायचं, त्याचं अर्धं करायचं आणि जास्तीत जास्त ९० दिवसांनी गुणायचं. १६ हजारांच्या पगाराला दिवसाचे २६३ रुपये होतात, तीन महिन्यांचे साधारण २३ हजार ६००. आणि हे आयुष्यात एकदाच. काही फार नाही, मान्य. पण रूमचं भाडं, मेसचे पैसे आणि इंटरव्ह्यूला जायचं बसभाडं यात बसतं. घरी फोन करून ‘पाठवा ना थोडे’ म्हणायची वेळ तीन महिने पुढे ढकलता येते. त्या फोनची किंमत ज्याने तो फोन केलाय त्यालाच माहीत.

चहा पाजून मागितलेला राजीनामा

बीकॉम झाल्यावर मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत बिलिंगला लागलो होतो. नाव सांगत नाही, त्यात काही विशेष नाही, अशा कंपन्या शेकड्यांनी आहेत. एका गुरुवारी दुपारी आम्हा अकरा जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. चहा आला, बिस्किटंही आली. चांगल्या कपात चहा आला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ऑर्डर कमी झाल्यात, खर्च झेपत नाही, नाइलाज आहे वगैरे झालं. मग एचआरच्या मॅडमनी प्रत्येकासमोर एकेक छापील कागद ठेवला. ‘मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ खाली सहीची रेघ. मॅडम आवाजाने अगदी प्रेमळ. ‘हे तुमच्याच फायद्याचं आहे. काढून टाकलं असं रेकॉर्डवर आलं तर पुढे कोण घेणार? राजीनामा दिलात तर एक्सपिरियन्स लेटर स्वच्छ मिळेल.’

मी सही केली. दहा सेकंदही लागले नाहीत. तेविसाव्या वर्षी ‘काढून टाकलं’ या शब्दाची लाज इतकी वाटते की ती टाळायला आपण कशावरही सही करतो.

माझ्या शेजारी आमच्या डिस्पॅचच्या ताई बसल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढे, दोन मुलं शाळेत. त्यांनी कागद वाचला, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, मी राजीनामा देत नाहीये. तुम्ही काढताय. तसं लिहून द्या, मी घेते.’

खोलीत शांतता. ताईंना आठ दिवस खेपा घालाव्या लागल्या, रोज ‘साहेब नाहीत’, ‘उद्या या’. पण नवव्या दिवशी त्यांच्या हातात कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद होता : काम कमी झाल्यामुळे आपली सेवा समाप्त करत आहोत.

या दोन कागदांत फरक काय, तर जवळजवळ सगळाच. या योजनेच्या नियमात लिहिलंय, की गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना भत्ता नाही. साधा राजीनामा त्या यादीत शब्दशः नाही, पण तुमच्याच सहीने ‘स्वेच्छेने’ असा कागद असेल, तर मला काढलं होतं हे कुणाला आणि कसं पटवणार? कामगार कपातीची भरपाई तर राजीनाम्यावर सरळच जाते. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपात म्हणून काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत कपात झालेल्याच्या खात्यात नवं काही शिकण्यासाठी म्हणून आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत जमा करायची तरतूद आहे. यातलं काहीही राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे चहा-बिस्किटं किती महाग पडली, बघा.

सही करायचीच नाही असं मी सांगत नाहीये. काही वेळा नोटीस पे आणि चांगलं पत्र यांच्या बदल्यात राजीनामा देणं परवडतं. पण त्याच खोलीत, त्याच दहा सेकंदांत नको. ‘वाचायला घरी नेते’, ‘उद्या देतो’ एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ. कागदाचा फोटो काढा. आणि तोंडी काढलं असेल तर त्याच संध्याकाळी एक मेल टाका : ‘आज आपण मला उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगितलंत, कृपया लेखी कळवावं.’ उत्तर नाही आलं तरी तारीख तर नोंदली गेली.

दोन नंबरांची भानगड

मला वाटत होतं माझं घोडं राजीनाम्यावर अडेल. ते अडलं भलतीकडेच.

नोकरीला दीड वर्ष झाल्यावर कंपनीने आमच्यातल्या काहींना एका कंत्राटदाराच्या पेरोलवर टाकलं होतं. टेबल तेच, खुर्ची तीच, साहेब तेच, फक्त स्लिपवरचं नाव बदललं. कंत्राटदाराच्या पोराने फॉर्म भरताना विचारलं, ‘जुना ईएसआय नंबर आहे का?’ मी म्हटलं, ‘असेल, आता आठवत नाही.’ तो म्हणाला, ‘सोड, नवीन काढतो, पाच मिनिटांचं काम आहे.’

त्या पाच मिनिटांनी माझी अडीच वर्षं मधोमध कापली. कारण अट अशी आहे : नोकरी जाण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं तुम्ही विम्याखाली असायला हवं. शिवाय शेवटच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे हप्ते भरलेले असायला हवेत, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी निदान एकीत पुन्हा किमान ७८ दिवसांचे. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आपल्या सेमिस्टरसारखीच. ७८ दिवस म्हणजे अटेंडन्सची अट समजा. आपण ७५ टक्क्यांसाठी प्रॉक्सी लावतो, इथे तेही चालत नाही.

काकांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका नंबरावर दीड वर्ष, दुसऱ्यावर एक. दोन्हीपैकी एकावरही दोन वर्षं नाहीत. काम मी सलग केलं होतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी आम्ही दोन वेगळी माणसं होतो, आणि दोघांनाही काही मिळत नव्हतं.

काका वाईट नव्हते. त्यांनी दोन्ही नंबर जोडायचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. आधार, बँक पासबुक, दोन्हीकडच्या स्लिपा, दोन्ही मालकांचं पत्र. मालकांचं पत्र! ज्या कंपनीने मला काढलं तिच्या गेटवर जाऊन मी तीनदा उभा राहिलो. वॉचमन ओळखीचा, तोच ओशाळायचा. कंत्राटदाराचा पोरगा फोन उचलेना. तेवढ्यात दोन महिन्यांनी मला दुसरीकडे नोकरी लागली आणि मी तो नाद सोडला. सोडायला नको होता, पण सोडला.

ताईंचंही पेरोल त्याच वेळी बदललं होतं. पण त्यांनी पाकिटातून लॅमिनेट केलेलं जुनं कार्ड काढून त्या पोरासमोर ठेवलं होतं आणि हाच नंबर लाव म्हणून बसून राहिल्या होत्या. त्यांनी पोर्टलवर लॉगिन करून अर्ज भरला, मुलाने मदत केली. आधार आणि पासबुकची प्रत जोडून कागद शाखा कार्यालयात दिले. अर्ज मंजूर व्हायला पंधरा दिवस सांगितले होते, त्यांना थोडे जास्त लागले, कारण पासबुकावर नवऱ्याचं नाव मधे होतं आणि आधारवर नव्हतं. पण पैसे आले.

म्हणून आजच, म्हणजे नोकरी असतानाच, दोन-तीन गोष्टी बघून ठेवा. नोकरीला नुकतेच लागलेले दादा-ताई घरात असतील तर त्यांनाही बघायला लावा. ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉगिन केलं की कोणत्या महिन्यात किती दिवसांचा हप्ता भरला ते दिसतं. स्लिपवर कापलेत आणि तिथे शून्य दिवस दिसतायत, असं असेल तर मालकाने तुमच्या पगारातून कापलेले पैसे भरलेलेच नाहीत. तो गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार शाखा कार्यालयात करता येते. पण हे नोकरी गेल्यावर कळलं तर कुठल्या दारात उभं राहायचं? नाव, जन्मतारीख, बँक खातं सगळीकडे एकसारखं आहे का, तेही बघा. आपल्याकडे ‘संतोष’चा ‘संतोषकुमार’ व्हायला वेळ लागत नाही. आणि प्रत्येक महिन्याची स्लिप स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. ऑफिसच्या मेलवर नाही, तो तर शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो.

आणखी एक. नोकरी गेली म्हणजे दवाखाना लगेच दुसऱ्या दिवशी बंद, असं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या हप्त्यांचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यांचा जुलै ते डिसेंबरमध्ये. तिथेही ७८ दिवसांचा हिशेब लागतोच. आईची बीपीची गोळी तिथून येत असेल तर ती नोकरी गेली म्हणून सोडून देऊ नका, आधी जाऊन विचारा. कारखानाच बंद पडला किंवा कायद्याने कपात झाली, तर २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही आहे. तिच्यात जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळतो, पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५. तिच्या अटी वेगळ्या आहेत, शाखा कार्यालयात दोन्हींची चौकशी करा.

आणि पीएफ? तो भत्ता नाही, तुमचेच साठवलेले पैसे आहेत. काढता येतात, पण नोकरी गेल्याच्या घाबरगुंडीत सगळे काढू नका. एक मात्र कामाचं : जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली नाही म्हणून बऱ्याच जणांचा पीएफ लटकतो. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख तुम्ही स्वतः टाकू शकता. कुणाच्या गेटवर उभं राहायची गरज नाही.

आता यात न बसणाऱ्यांविषयी, कारण ते जास्त आहेत. अप्रेंटिसशिप कायद्याखाली लागलात तर ईएसआय लागू नाही. डिलिव्हरी, फ्रीलान्स, क्लासवर तासाने शिकवणं, यातलं काहीच नाही. आणि गंमत म्हणजे ४० हजारांवर लागलेला इंजिनीअर मित्रही नाही, कारण तो २१ हजारांच्या वर. नोकरी गेली तर १६ हजारवाल्या ताईंना निदान २३ हजारांचा आधार आहे, त्याला शून्य. हा नियम मला तरी समजत नाही. हप्ता जास्त घ्या, पण आत तरी घ्या.

बाहेर कसं आहे ते तिकडे शिकायला जाणाऱ्यांमुळे आता आपल्याला कळतं. जर्मनीला मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागलेल्या माझ्या मावसभावाची कंपनी बुडाली. तिथे मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विम्याचे हप्ते भरले असतील तर हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. पगाराची वरची मर्यादा घालून कुणाला बाहेर ठेवत नाहीत. पण शिस्त कडक. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयाला कळवावं लागतं, आणि सबळ कारण नसताना स्वतः राजीनामा दिला तर साधारण १२ आठवडे पैसे बंद. मी त्याला माझी मीटिंग रूमची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, ‘इथे आम्हाला सीनियर पहिल्याच आठवड्यात सांगतात, वाचल्याशिवाय सही करू नको.’ आम्हाला सीनियरनी कॅन्टीनमध्ये कुठला डोसा चांगला ते सांगितलं होतं.

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआरचा पोरगा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. माझ्याच वयाचा, घाईत. ‘ईएसआय नंबर आहे का जुना? नसला तरी चालेल, नवीन काढू, पाच मिनिटांचं काम आहे.’

मी पाकिटातून कागद काढला. त्यावर दोन नंबर होते.

‘दोन?’ तो म्हणाला.

‘हो. वरचा लाव,’ मी म्हटलं, ‘आणि खालचा त्यात जोडायचा अर्ज कसा करायचा, ते जेवणाच्या सुट्टीत सांगतो. थोडं मोठं आहे.’